ठिपके, रेषा आणि साहित्य : रांगोळीच्या पाठातील काही प्रयोग

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास बहुधा दिवसाच्या शेवटी येतो. एक किंवा दोन शिक्षकी शाळेत त्या तासाची वाट मुलांइतकीच शिक्षकही पाहत असतो; कारणे मात्र वेगळी असतात. फळ्यावर एक नक्षी काढून द्यावयाची, मुलांनी ती उतरवून घ्यावयाची आणि तेवढ्या वेळात आपण हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही आणि वर पाठवावयाची माहिती पुरी करावयाची, असा हा परिपाठ आहे. यात कोणास दोष द्यावा असे नाही. प्रस्तुत लेखिकेनेही कित्येक वर्षे हेच केले. परंतु उतरवून घेणे आणि नक्षी रचणे या दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांपैकी दुसरी क्रिया वर्गात कशी घडवून आणावी, त्यासाठी काय लागते, याविषयी थोडे अनुभवाचे बोल शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावयाचे आहेत.

नक्षीकामासाठी रांगोळीइतके सोईचे माध्यम खेड्यातील शाळेस दुसरे नाही. ती प्रत्येक घरी काढली जाते, तिला खर्च जवळजवळ नाही, आणि चुकली तर हाताने पुसता येते. तिच्यात आणखी एक गुण आहे. एकच लहान आकार पुनःपुन्हा काढीत गेले म्हणजे हाताला पुढे काय करावयाचे ते ठाऊक होते आणि लक्ष फक्त रेषेच्या टोकाशी उरते. अशा वेळी वर्गात जी शांतता पसरते ती ‘गप्प बसा’ म्हणून आलेली नसते. मुले बोलतही असतात, पण हळू आणि कामापुरते. पहाटे अंगणात रांगोळी घालणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीचा चेहरा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही अवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. अलीकडे शहरांतून हेच कागदावर करण्याची आवड वाढली आहे. अमेरिकेत रिक रॉबर्ट्स व मारिया टॉमस यांनी साडेतीन इंची चौकोनी कागदावर, खोडरबर न वापरता, आवर्ती रेषांनी नक्षी भरण्याची एक पद्धत प्रचारात आणली व ती बऱ्याच देशांत पोहोचली. आपल्या उंबरठ्यावरची गोष्ट सातासमुद्रांपलीकडून फिरून आली म्हणून तिला अधिक मान द्यावयाचा असे नव्हे. मात्र ‘खोडावयाचे नाही, जी रेषा पडली तिच्यापासून पुढे जावयाचे’ हा त्यांचा दंडक वर्गात फार उपयोगी पडतो.

‘रांगोळी हे मुलींचे काम’ असा आक्षेप वरच्या इयत्तांतील मुलगे घेतात. क्वचित पालकही घेतात. अशा प्रसंगी मी डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांची गोष्ट सांगते. वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचे काम सवाशिणींचे. शेणाने व गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी, एवढेच त्यांचे साहित्य. मशे यांनी लग्नाची वाट न पाहता रोज चित्रे काढावयास आरंभ केला, आणि त्याच मोजक्या साहित्यातून ती कला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. एवढे सांगितल्यावर मुलग्यांचा विरोध सहसा मावळतो. ज्यांचा मावळत नाही त्यांच्या हाती मी सुतळी देते. तिचे काम पुढे येईल.

आता माझ्याकडून घडलेली एक चूक सांगते, कारण या लेखाचे मूळ तिच्यात आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गास मी एका मासिकातून घेतलेली दक्षिणेकडील पद्धतीची नक्षी फळ्यावर काढून दिली होती. तिच्यात तीन ओळींत तीन-तीन ठिपके होते आणि रेषा ठिपके न जोडता त्यांच्याभोवती वळसे घेत जात होती. एका मुलीच्या पाटीवर ही रेषा दोन ठिकाणी दुसरीस न छेदता माघारी वळली होती. फळ्यावर तसे नव्हते. मी त्या दोन्ही जागी फुल्या मारल्या. ती म्हणाली, “बाई, माझी एका रेघेत झाली.” मी ते ऐकले, पण त्यात ऐकण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही. पुढे ती मुलगी वर्षभर फळ्यावरच्यासारखी हुबेहूब नक्षी काढीत राहिली, आणि तिला मी चांगले गुण देत राहिले. त्या दोन फुल्यांचा अर्थ मला फार उशिरा कळला. तो कळण्यासाठी आधी ती नक्षी कशी चालते हे पाहिले पाहिजे.

आपल्याकडील ठिपक्यांची रांगोळी बहुधा ठिपके जोडून होते. तमिळ प्रदेशातील कोलमचा एक प्रकार याहून वेगळा आहे. त्यात ठिपके मोकळेच राहतात व रेषा त्यांच्यामधून फिरते. ही पद्धत मुलांना शिकविणे अवघड नाही. फळ्यावर चौकटीत समान अंतरावर ठिपके मांडावेत. आडव्या वा उभ्या शेजारच्या कोणत्याही दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्यावरून रेषा तिरपी जाईल; ती तशीच तिरपी पुढे जात राहील; कडेच्या ठिपक्यापाशी आली की त्यास बाहेरून वळसा घालून पुन्हा आत येईल. ठिपक्याला स्पर्श करावयाचा नाही, मध्ये वाट बदलावयाची नाही, आणि निघालो तेथे परत आल्याशिवाय थांबावयाचे नाही. नियम एवढेच.

प्रथम दोन ओळींत दोन-दोन ठिपके घ्यावेत. रेषा समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन ठिपक्यांना कवेत घेऊन मूळ जागी परत येते, पण उरलेले दोन ठिपके बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी दुसरी रेषा काढावी लागते. दोन लांबट वळसे एकमेकांवर तिरपे पडलेले दिसतात. आता दोन ओळींत तीन-तीन ठिपके घ्यावेत. या वेळी एकच रेषा सर्व सहा ठिपक्यांभोवती फिरून मूळ जागी येते! मुलांना याचे मोठे नवल वाटते. तीन ओळींत तीन-तीन घेतले तर तीन रेषा लागतात : कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे जाणारे दोन लांब वळसे आणि मध्ये एक गोलसर वळसा. तीन ओळींत चार-चार घेतले की पुन्हा एकच.

यापुढे शिक्षकाने काही सांगू नये. मुलांनी वेगवेगळ्या चौकटी घ्याव्यात आणि रेषा किती लागल्या ते वहीत लिहावे. दोन व चार : दोन रेषा. तीन व पाच : एक. तीन व सहा : तीन. चार व सहा : दोन. सहावीपर्यंतची शाळा असेल तर कोणी ना कोणी मूल केव्हातरी म्हणतेच की, हा तर मसावि आहे. तसेच आहे. ओळींची संख्या आणि ओळीतील ठिपक्यांची संख्या यांचा जो महत्तम सामाईक विभाजक, तितक्याच रेषा. कोलमच्या नक्ष्यांचा असा शास्त्रीय विचार आपल्या देशात पूर्वीच झालेला आहे. गिफ्ट सिरोमणी, राणी सिरोमणी व कमला कृतिवासन यांचा कोलमच्या व्याकरणासंबंधीचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला व संगणकशास्त्राच्या अभ्यासकांत तो परिचित आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना यातले काही सांगण्याचे कारण नाही. त्यांनी मोजावे व नवल करावे, एवढे पुरे.

आता त्या दोन फुल्यांकडे वळू. दोन वेगवेगळ्या रेषा जेथे एकमेकींना छेदतात, त्या जागी दोन ठिपक्यांच्या मध्ये एक काडी आडवी ठेवावी. काडीपाशी येणारी रेषा पलीकडे जाणार नाही. ती आपल्याच बाजूला माघारी वळेल. असे केले की त्या दोन रेषा मिळून एक रेषा होते. दोन-दोन ठिपक्यांच्या नक्षीत कोणत्याही छेदावर एक काडी ठेवा, दोन वळशांचा एक वळसा होतो. तीन-तीनच्या नक्षीत तीन रेषा आहेत. तेथे एक काडी ठेवली की दोन उरतात, आणि त्या दोहोंच्या छेदावर दुसरी ठेवली की एक. माझ्या त्या विद्यार्थिनीने काडी न ठेवता, केवळ हाताच्या ओघात, हेच दोन ठिकाणी केले होते. एकच रेषा जेथे स्वतःला छेदते तेथे काडी ठेवल्यास काय होते हेही मुलांनी करून पाहावे. कधी एकाचे दोन वळसे होतात, कधी एकच राहतो. कोठे काय होते याचा शोध घेण्यात चौथीचा वर्ग सहज दोन तास गढून जातो.

ही काडी म्हणजे रचनेतील एक बदल होय. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावयाची, हे सूत्र मी तेव्हापासून पाळीत आले आहे. ठिपके बदलले तर साहित्य बदलू नये. साहित्य बदलले तर ठिपके बदलू नयेत. दोन्ही एकदम बदलली की मुले गोंधळतात, खडूंच्या व रंगांच्या मागे धावू लागतात, आणि वर उल्लेखिलेली शांतता क्षणात मोडते. शिवाय कशामुळे काय झाले हे त्यांना सांगता येत नाही. आपल्या जोडणीच्या रांगोळीतही असा प्रयोग करता येतो. ठिपके समोरासमोर मांडले तर पाकळी चारांच्या पटीत येते. तेच ठिपके वरच्या ओळीतील मोकळ्या जागेखाली एक असे मांडून ‘७ ते ४’ केले, म्हणजे मधल्या ओळीत सात व दोन्ही अंगांस कमी होत चार, तर सदतीस ठिपक्यांचा षट्कोन होतो आणि फूल सहा पाकळ्यांचे उमलते. आकार तोच, हात तोच. केवळ ठिपक्यांची मांडणी सरकली.

लहान मुलांसाठी, व एका खोलीत चार इयत्ता बसतात तेथे सर्वांसाठी, चौकोनी तुकड्यांचा प्रयोग फार चांगला. जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीचे किंवा पुठ्ठ्याचे नऊ सेंटिमीटर बाजूचे चौरस कापावेत. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर कंपासाचे टोक ठेवून साडेचार सेंटिमीटर त्रिज्येची एकेक कमान काढावी. पहिलीच्या मुलांना वरच्या वर्गातील मुलांनी काढून द्यावी. कमानींची टोके बाजूंच्या बरोबर मध्यावर येतात, त्यामुळे हे चौरस कसेही फिरवून शेजारी ठेवले तरी रेषा जुळतेच. कमानींनी पडलेले भाग प्रत्येक मुलाने आपल्या आवडीच्या बारीक आवर्ती रेषांनी भरावेत : तिरप्या, जाळीच्या, खवल्यांच्या, लाटांच्या. मग सोळा चौरस जमिनीवर चार-चारांच्या चार ओळींत मांडावेत आणि एका वेळी एकच चौरस पाव वळणाने फिरवावा. प्रत्येक वळणाबरोबर कोठे वर्तुळ मिटते, कोठे नागमोडी वाट उघडते. ज्याच्या हाताला अद्याप सफाई नाही अशा मुलाचा चौरसही येथे इतरांइतकाच लागतो, कारण त्याच्यावाचून वाट तुटते.

साहित्याचे प्रयोग मी तीन ओळींत चार-चार ठिपक्यांच्या नक्षीवर करविते. ती एका रेषेची आहे आणि तोपर्यंत मुलांच्या हातात बसलेली असते.

पहिली अर्थात रांगोळीची पूड. ती शिरगोळ्याची असो वा कोकणातल्यासारखी भाताची फोले जाळून केलेली असो, कोरडी व चाळलेली हवी. लहान मूल मूठभर घेऊन ओतू पाहते. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतून पूड सोडण्यास बोटांत जे बळ लागते ते सहाव्या वर्षी पुरते नसते. प्रथम थाळीत गाळलेली बारीक वाळू घेऊन सराव द्यावा. वाळू अधिक मोकळी सुटते. सारवलेल्या जमिनीवर पूड धरून राहते. गुळगुळीत फरशीवर सरकते व वाऱ्याने उडते. पावसाळ्यात ती गोळा होते. हे दोष म्हणून सांगितले नाहीत. कोणत्या जमिनीवर रेषा कशी पडते हेच मुलांनी पाहावयाचे आहे. रंगासाठी गेरू, हळद, विटेची पूड व कोळसा पुरेत. चुना मुळीच घेऊ नये. डोळ्यांस इजा होते. पूड तोंडाने फुंकू देऊ नये.

दुसरे साहित्य तांदळाच्या पिठाचे पाणी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. वाटीभर भिजवून वाटलेल्या तांदळात पाणी घालून ते पातळ करावे. बांबूच्या ठेचलेल्या काडीने किंवा फडक्याच्या बोळ्याने गेरू फासलेल्या पुठ्ठ्यावर रेषा काढावी. ही रेषा ओली असताना फिकी, जवळजवळ अदृश्य असते. वाळल्यावर पांढरी शुभ्र उमटते. मुलाला आपण काय काढले ते त्या क्षणी नीटसे दिसत नाही. त्याला हातावर भरवसा ठेवावा लागतो, आणि म्हणूनच तो हळू काढतो. ज्या मुलांना फळ्याकडे दर दोन बोटांवर मान वर करून पाहण्याची सवय असते ती येथे मान वर करीत नाहीत. धान्याची नासाडी होते असे कोणी म्हणाल्यास, वीस मुलांना वाटीभर पीठ पुरते आणि उरलेले मुंग्यांच्या उपयोगी पडते, असे सांगावे.

कोळसा फासला जातो, म्हणून डावीकडून सुरुवात करावी; डावखुऱ्या मुलास उजवीकडून करू द्यावी. बोरू आणि शाई मिळाल्यास पाहावे. शाई संपत आली की रेषा विरळ होते, तेव्हा बोरू पुन्हा कोठे बुडवावयाचा हे मुलाला आधीच ठरवावे लागते. छेदाच्या जागी बुडविला तर जोड दिसत नाही, हे मला चौथीतल्या एका मुलाने दाखविले. खडूविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

चिंचोके, ज्वारीचे दाणे, बारीक खडे यांची गोष्ट मात्र निराळी आहे. दाण्यांची रेषा नसते, ओळ असते. लहान वळशात चिंचोका मावत नाही. वळण तुटके दिसते. तेव्हा मुले आपणहून ठिपके दूर मांडतात, किंवा वळणापुरती ज्वारी घेतात व सरळ भागात चिंचोके. येथे साहित्यच रचना बदलावयास लावते, आणि ‘एकच गोष्ट बदला’ हा माझा नियम मुलांच्या हातून योग्य कारणासाठी मोडतो. त्या वेळी त्यांना अडवू नये. गुंजा मात्र कितीही सुंदर दिसल्या तरी वर्गात आणू नयेत; त्या विषारी असतात.

शेवटी सुतळी. पटांगणात वितीवितीच्या अंतरावर बारा खुंट्या ठोकून त्याच नक्षीत सुतळी फिरवावी. साधारण आठ मीटर हाताशी असावी. दोन टोके एकमेकांस येऊन भिडली की रेषा एकच आहे याविषयी कोणास शंका उरत नाही. नंतर एक ओळ कमी करावी, म्हणजे तीन ओळींत तीन-तीन, आणि तीच सुतळी पुन्हा फिरवावी. तिचे तीन तुकडे केल्यावाचून नक्षी पुरी होत नाही. मघाचे नाराज मुलगे येथे सर्वांत पुढे असतात. खुंटीशी काडी लावून, न तोडता फिरविण्याची युक्ती त्यांनाच आधी सुचते.

नोंदीविषयी दोन शब्द. या पाठाची वर्णनात्मक नोंद करताना ‘सुबक’, ‘नीटनेटके’ एवढे लिहून भागत नाही. मुलाने काय बदलले आणि त्यामुळे काय झाले असे त्याला वाटते, हे एका वाक्यात लिहावे. शक्य तर त्याच्याच शब्दांत. फळ्यापेक्षा वेगळी रेषा दिसली तर लाल शाई उघडण्याआधी ‘ही अशी का नेलीस?’ एवढे विचारावे. पुष्कळदा उत्तर ‘चुकली’ असे येईल. तेही लिहावे. मोबाईलवर पाहून नक्षी उतरविणाऱ्या मुली आता प्रत्येक गावात आहेत. त्यांना मना करू नये. त्याच नक्षीतील एक ओळ कमी करून काढावयास सांगावे.

तास संपल्यावर जमिनीवरची रांगोळी मुलांनीच झाडावी. सगळे रंग मिसळून जी मातकट पूड गोळा होते ती टाकू नये. डब्यात भरून ठेवल्यास पहिलीच्या मुलांना चिमटीच्या सरावासाठी वाळूनंतर तीच द्यावी. तिच्यात विटेचा खर आलेला असल्याने ती बोटांतून चांगली सुटते.